धवला मध्ये तोडत नाहीत

॥ श्री ॥

पूर्णा, भिवंडी
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. निशाताईस,
धाकट्या विनिताचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. आईला वाचून दाखवताना भावोजींच्या घोरण्याच्या ओळी मी गाळल्या, तर ती लगेच म्हणाली की इथं काहीतरी सांडलंस. तिला अक्षर येत नाही, पण माझ्या आवाजावरून गाळलेली ओळ तिला कळते. म्हणून आजपासून मी दोन कागद करते. एक आईला वाचून दाखवण्यासारखा आणि दुसरा फक्त तुझा. हा दुसरा आहे. तूही तसंच कर.

केसरीनाथदादा मला हसतो. म्हणतो, ताईला ऐकू येत नसलं तरी मोबाईलवर वाचता येतं की. पण घरच्या ग्रुपवर लिहिलं तर मामाच्या सुनेपर्यंत सगळे वाचतात, आणि तुझा मोबाईल कायम भाच्यांच्या हातात. शिवाय शाळेत नाव घालायच्या आधी दोन वर्षं ओटीवर बसवून मला अक्षर तूच शिकवलंस. तुला लिहिताना माझा हात आपोआप सरळ चालतो.

लग्न फेब्रुवारीत धरलं आहे. परवा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं की हळदीला भटजी कोण. त्यांच्या पनवेलकडे आता हळदही भटजीच लावतात. मी सांगितलं की आमच्यात अजून धवलारीण असते, ती गाते आणि तिच्या धवल्याप्रमाणे सगळा विधी होतो, आणि माझी आईच धवलारीण आहे. सांगून टाकलं खरं. पण आई दोन वर्षांत कुणाच्या मांडवात गायलेली नाही, हे नाही सांगितलं.

ते का, हे तुलाही कुणी धड सांगितलेलं नाही. तू तेव्हा त्या तापात होतीस, ज्यात तुझे कान गेले. मामाच्या घरी हळद होती. दादाची हर्षाली संध्याकाळपासून नाचत होती, नऊ वर्षांची होती तेव्हा. तिची साखर उतरली. ती नाचता नाचता खाली बसली आणि मग आडवी झाली. बायकांना एवढंच ठाऊक की दादाच्या पोरीला शुगर आहे. एकीनं पेढा पुढे केला तर दुसरीनं तिचा हात धरला, शुगरवालीला गोड देऊ नका म्हणून. वहिनी आतून धावत येईपर्यंत झटके सुरू झाले होते. आणि आई गात राहिली. धवला मध्यावर होता. धवला मध्ये तोडत नाहीत, तोडला तर नवरानवरीचं वाईट होतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. डोळे पोरीवर आणि तोंडात धवला, असं तिनं तो शेवटपर्यंत नेला.

हर्षाली हॉस्पिटलातून घरी आली त्या दिवशी आई तिला गावदेवीच्या पायरीवर घेऊन गेली आणि नवस बोलली, की पोर बरी होईपर्यंत तिच्या पायाला धूळ लागू देणार नाही. आदल्याच वर्षी आईच्या पायाचा अंगठा काढावा लागला होता, पायापर्यंत रक्त पोचत नव्हतं म्हणून. आईच्या मते मांडवामांडवातून अनवाणी फिरून तिचा पाय झिजला. वापरलं की झिजतं. म्हणून नातीचे पाय ती जपून ठेवते आहे. दादा गाडीनं शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो, फाटकातून परत आणतो. खेळाच्या तासाला पोर वर्गात बसते. हा आजार बरा होणारा नाही, आयुष्यभर इंजेक्शनं घ्यावी लागणार, हे आम्ही कुणी आईला सांगितलेलं नाही; तिला वाटतं, म्हातारपणची शुगर राहते, पोरांची जाते. दादा म्हणाला, तिला झेपणार नाही. म्हणजे बघ, नवसाला शेवटच नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात आम्ही हर्षालीला ठाण्याला दाखवलं. तिथल्या डॉ. अमरीन आपल्या भिवंडीच्याच, त्यांच्या घरी लूम होते. त्यांनी हर्षालीच्या हाताला पट्टा आवळला, थोड्या वेळानं सैल केला आणि पडद्यावर तिची रक्तवाहिनी दाखवली. पट्टा सुटला की रक्ताचा लोंढा येतो. निरोगी मुलाची वाहिनी त्याला वाट द्यायला रुंद होते. आपल्या हर्षालीची जेमतेम हलली. मग त्यांनी विचारलं की मुलगी खेळते किती. मी खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या की जास्त साखर वाहिन्यांना आतून ताठ करते, आणि हे फार लहानपणी सुरू होतं. पुढे त्यातूनच डोळे, मूत्रपिंडं, हृदय आणि पाय यांची दुखणी येतात. अजून आजार म्हणावा असं काही झालेलं नाही. मूल धावतं तेव्हा रक्त जोरात वाहतं, आणि त्या वाहण्यानं वाहिनीच्या आतल्या अस्तराला उघडायची सवय राहते. नुसत्या इंजेक्शनानं ते होत नाही. रोज तासभर दम लागेल असं खेळू द्या, म्हणजे वाहिनी पुन्हा मऊ होऊ शकते. होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत, होऊ शकते म्हणाल्या. मी तसंच लिहिते आहे, जास्त नाही. खेळताना साखर उतरते हेही खरं आहे, त्यासाठी आधी तपासायचं, डोस त्या सांगतील तसा कमी करायचा, धावायच्या आधी मांडीत इंजेक्शन द्यायचं नाही आणि खिशात गोड ठेवायचं.

फेब्रुवारीत मी जाणार. त्याआधी मला ही पोर तिच्या पायांवर धावताना बघायची आहे. आईला सांगू की नको? मला रोज वाटतं की मी गप्प बसते तेवढा त्या वाहिनीचा एकेक दिवस जातो.

उत्तर लवकर धाड. तुझी सावली असू दे.

तुझी,
विनिता


॥ श्री ॥

पोयनाड
२४ नोव्हेंबर २०२५

चि. विनितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढ्या मोठ्या पत्रात होणाऱ्या नवऱ्याचं नाव एकदाही नाही. लग्न माणसाशी ठरलंय ना, की फेब्रुवारीशी? तुझे भावोजी म्हणतात, त्याला आत्ताच सांगून ठेवायला हवं की ही मुलगी मिठाच्या डबीवरही तारीख लिहिते.

थट्टा पुरे. पत्र तीनदा वाचलं. त्या मांडवातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या आजारात कुणाला सांगायला सुचलं नसेल.

आई म्हणते पाय झिजला. मी तुझ्याहून सतरा वर्षांनी मोठी, मी तिला चालताना पाहिलंय. शेलारला हळद असो की टेमघरला, ती बांधाबांधानं चालत जायची, मला कडेवर घेऊन, आणि गाऊन झालं की तशीच चालत परत. तेव्हा काटा लागला तर दोन दिवसांत भरून यायचा. मग शेतावर गोदामं उभी राहिली. केसरीनं तिच्यासाठी ती मोठी खुर्ची आणली आणि दारात गाडी उभी केली. शुगर त्यानंतर आली आणि जखम त्याच्याही नंतर. मी डॉक्टर नाही, माझं खरं धरू नकोस, अमरीनबाईंना विचार. पण मला दिसतं ते असं की आईचा पाय झिजला नाही, आपण तो बसवला. आता पोरीचे बसवतोय.

आईला आत्ता सांगू नकोस. आधी पोरीला पळू दे, मग जे दिसेल ते सांगता येईल. नवस धुळीचा आहे, पळण्याचा नाही. केसरीचं मागचं गोदाम भाडेकरू गेल्यापासून रिकामं आहे, असं वहिनीनं दिवाळीत सांगितलं होतं. सिमेंटची गुळगुळीत जमीन आणि वर पत्रा. झाडून घ्या. तिथं कुठली धूळ? हसू नकोस. देवीला मी लहानपणापासून ओळखते, एवढं ती चालवून घेईल. वहिनीला बरोबर घे, एकटीनं काही करू नकोस, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं एकही गाळू नकोस. तू गाळणार नाहीसच म्हणा.

आईसाठी वेगळा कागद जोडला आहे. त्यात आमच्या वालाच्या शेंगा आणि भावोजींचं घोरणं आहे. हे घोरणं वाचून दाखव.

तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी ताई,
निशा


॥ श्री ॥

पूर्णा
२१ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
विनिताचा सा. न. वि. वि.

आधी चांगलं लिहिते, कारण वाईट लिहायला घेतलं की चांगलं राहून जाईल.

आम्ही तिघी रोज शाळेनंतर गोदामात जात होतो, मी, वहिनी आणि हर्षाली. आईला सांगितलं की शिकवणी आहे. पहिल्या दिवशी हर्षालीला धावताच येईना. एवढ्या मोकळ्या जागेत ती पाहुण्यासारखी उभी राहिली आणि मला विचारलं, कुठे धावू? मी समोरची भिंत दाखवली. म्हणाली, आणि मग? मी म्हटलं, मग परत. तिला त्यात काय गंमत ते कळेना. ताई, मला रडू आलं, पण मी ते पत्र्याखालच्या कबुतरांकडे बघत जिरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं खडूनं कबड्डीचं मैदान आखलं. दादाशी लग्न झालं तेव्हा तो गावाच्या संघात होता, त्याचे सामने बघून बघून तिला सगळ्या रेषा पाठ. तीन बायकांची कबड्डी तू बघायला हवी होतीस. वहिनी ओचा खोचून चढाईला यायची आणि मध्यरेषेवरच तिला हसू फुटून दम जायचा. हर्षाली माझा पाय असा धरायची की सुटणं नाही. दोन आठवड्यांत तिचं अंग बदललं. जिन्यावरून ती पळत उतरायला लागली आणि जेवताना बडबडायला लागली. खेळायच्या आधी आम्ही बोट टोचून साखर बघायचो. एकदा उतरली. तिनं स्वतःच हात वर केला आणि जिभेवर बोट ठेवून दाखवलं, जीभ जड झाली की तिला कळतं. ग्लुकोजचं पाणी दिलं आणि बसवलं. थोड्या वेळानं ती हसत होती.

आता दुसरं. खेळायचे बूट नव्हते म्हणून ती मोजे घालून खेळायची. मोजे मी लपवून धूत असे. मागच्या मंगळवारी मला कामावरून यायला उशीर झाला आणि आईनं दोरीवरचे कपडे काढताना ते पाहिले. धुतले तरी तळवे राखाडीच राहिलेले. सकाळी देव्हाऱ्यापुढे ते मोजे जोडून ठेवलेले होते. मी पाया पडायला गेले तर ती एवढंच म्हणाली की सिमेंटचीसुद्धा धूळच असते.

मग घरात खूप झालं. मी डॉक्टरांचं सांगितलं, तुझंही सांगितलं, की पाय बसवल्यानं गेला. आई ऐकून घेत होती, पण ऐकत नव्हती. ती म्हणाली की देवीला फसवलेल्या घरात तिच्या तोंडून धवला निघणार नाही. माझ्या हळदीला ती गाणार नाही. भटजी आणा म्हणाली. दादानं गोदामाची किल्ली काढून घेतली. तो माझ्यावर ओरडला नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्यानं फक्त विचारलं की पुन्हा पडली असती तर कुणाचं तोंड बघायचं होतं मी. ताई, त्याचंही चूक नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात पोरीला त्यानं उचलून नेलं होतं.

धवला नसला तर नसो, मी भटजींकडून हळद लावून घेईन. पण हर्षाली आता जिन्यात थांबते, कुणी हात देईल म्हणून. ते मला बघवत नाही. गावदेवीपुढे नारळ ठेवून आले. क्षमा मागायला गेले होते, पण कशाची मागायची ते ठरेना, तशीच परत आले.

काय करू ते सांग. रागावलीस तरी लिही.

तुझी,
विनिता


॥ गावदेवी प्रसन्न ॥

पूर्णा
३ जानेवारी २०२६

निशा बाय,
तुला तुझे आयशीचा आशीर्वाद.

विनिता लिवून देते, पन ती तिला नको ते गालते. म्हनून हर्षालीला बसवलाय. (मोठी आत्या, आजी बोलते तसंच लिहितेय, मी काही बदलत नाही. – हर्षाली)

तू बोललीस का आयचा पाय बसून गेला. बोल बाय, तुना कान न्हाय त जीभ लांब झाली. मी रागावली न्हाय. विनितावर पन न्हाय. मना भ्या वाटतं. भ्या कोनाला सांगाचा?

मामाच्या मांडवान धवला माझे तोंडान होता आनि पोरीचे डोले फिरले ते मीच पयले बघितले. कोनी न्हाय बघितले त्याचे आधी. मी बोलली मनान, आता संपेल, आता संपेल. येवरा लांब धवला मी जल्मान गायला न्हाय. ते नवरानवरीला काय झाला न्हाय, त्यांना जुली पोरा हायत, गोरीगोमटी. माझी पोर मातर आरवी परली. म्हनून मी देवीला सबूद दिला. देवी काय गोदामाचा भारोत्री न्हाय, का करार बदलला आनि सही केली. (भारोत्री म्हणजे भाडेकरू.)

पोर बरी झाली का मी सोता तिला घेऊन गावभर फिरन, वाजत गाजत. तोवर न्हाय. तू विनिताला समजव.

(आत्या, इथे आजी थांबली. कारण मी तिला विचारलं, आजी, बरी म्हणजे कधी? ती म्हणाली, तुझी शुगर जाईल तेव्हा. मी म्हटलं, ती जात नसते, डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. आजी म्हणाली, कोनी सांगितलं नाही मना. मला वाटलं तिला माहीत असेल. सगळ्यांना माहीत आहे.)

(आजी देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली आहे. पुढचं मी माझं लिहिते. मी डॉक्टर मॅडमना विचारलं होतं की माझाही अंगठा आजीसारखा जाईल का. त्या म्हणाल्या, न जावा म्हणूनच खेळायचं. मला कबड्डी आवडते. त्या हळदीत मी पडले तेव्हा काय होतंय ते मला सांगता येत नव्हतं. आता येतं. तू लग्नाला ये. – हर्षाली)

(आजी म्हणते, पत्र बंद कर, तिकीट लाव.)


॥ श्री ॥

पोयनाड
११ जानेवारी २०२६

ती. आईस,
निशाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हर्षालीनंच वाचून दाखवावं, आणि एकही शब्द गाळू नये.

आई, आजार जात नाही हे आम्ही तुझ्यापासून लपवलं. तुला जपायला लपवलं, पण त्यानं तुझा नवस न फिटणारा झाला. चूक आमची आहे, तुझी नाही.

तू धवला थांबवला नाहीस म्हणून तुला कुणी एका शब्दानं बोललेलं नाही. मामा नाही, वहिनी नाही. तूच स्वतःला बोलतेस, आणि दंड पोरीचे पाय भरतात. मला असं लिहायचा अधिकार नाही, तरी लिहिते, कारण समोर असते तर तुझं तोंड बघून माझ्यानं बोलवलं नसतं.

तू देवीकडे काय मागितलंस ते आठव. पोरीचे पाय मागितलेस. धूळ लागू नये हा तुझा शब्द, पाय राहावेत हे तुझं मागणं. दोन्ही सांभाळायचं कसं हे मला सुचत नाही. मी एकदा गोदामाची वाट सुचवली, तिचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. देवीशी बोलणं तुझं चालतं, आमचं नाही. तूच विचार तिला.

आणि विनिताच्या हळदीला भटजी आला तर मी काय करू? त्याचे ओठ मला वाचता येत नाहीत. तुझे येतात.

पाय दुखत असेल तर तेल लावून घे. रागावून का होईना, आठवण काढ.

तुझी,
निशा


॥ श्री ॥

पूर्णा
३० जानेवारी २०२६

ती. सौ. ताईस,
विनिताचा सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. तुझं पत्र हर्षालीनं वाचलं. आईनं ते पुन्हा वाचायला लावलं, मग गावदेवीला गेली, एकटी, काठी टेकत. काल तिनं दादाला सांगून हर्षालीच्या मापाचे बूट आणवले. कापडी, जाड तळव्याचे. दादानं विचारलं कशाला, तर म्हणाली, तुला आणायला सांगितलंय, विचारायला नाही. बूट डब्यासकट देव्हाऱ्याखाली ठेवलेत. कुणी हात लावायचा नाही. भटजींना काय सांगायचं असं विचारलं तर म्हणाली, बघू.

ठाण्याहून फोन आला होता, रक्तवाहिनीची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करणार आहेत. तोपर्यंत दाखवण्यासारखं आमच्याकडे काही असेल का, याचा विचार करत झोपते आणि तोच घेऊन उठते. तू हळदीच्या आदल्या दिवशीच ये. मला तू हवी आहेस.

तुझी,
विनिता


॥ श्री ॥

पोयनाड
२ मार्च २०२६

चि. सौ. विनितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नावापुढे सौ. लिहिताना हात अडला. सवय होईल. तिथलं पाणी मानवलं का? सासूबाईंना चवळीचं बिरडं करून घाल, त्या तुझ्या होतील.

तू विचारलंस की हळदीत नेमकं काय झालं. तू पाटावर पाठमोरी होतीस, डोक्यावर पदर, तुला फक्त धवला थांबल्याचं कळलं. वहिनीला विचारलंस तर ती रडते, आणि केसरी म्हणतो की माईक गेला होता. माईक नव्हताच. मी खांबाशी होते, आईच्या समोर, म्हणून मी सांगते.

आई गायला बसली तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. दोन वर्षांनी बसली होती. मला तिचे ओठ बघून पहिल्या दोन ओळी कळल्या आणि पुढच्या दिसेनात, कारण माझेच डोळे भरले. मग पाणी आणायची ओळ आली. धवल्यात ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं आणि गावदेवीच्या विहिरीवरून हळदीचं पाणी आणायचं. आईनं हर्षालीचं नाव घेतलं.

आपला केसरी उठला आणि त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. आईनं गाता गाताच त्याला खाली बसवलं. वहिनीनं ती ओळ मला नंतर लिहून दाखवली, की लेका तुझा रथ राहू दे दारी, माझी नात जाईल तिच्या पायांनी. मांडव हसला. केसरीसुद्धा हसला, किल्ली मुठीत धरून.

मग आईनं हर्षालीला जवळ बोलावलं, आपल्या पाटामागून बूट काढले आणि आपल्या हातांनी तिच्या पायांत चढवले. एका म्हातारीनं कपाळाला आठी घातली, हळदीच्या पाण्याला कुणी पायात घालून जात नाही म्हणून. आईनं तिच्याकडे बघितलंच नाही. नाड्यांच्या गाठी तिला येईनात, त्या पोरीनं स्वतः बांधल्या. तेव्हा मला कळलं, देवीशी तिचं काय बोलणं झालं ते. धूळ लागली तर ती बुटाला लागणार होती.

वहिनीनं तिचं बोट टोचून साखर बघितली आणि मान हलवली. पोरी वाजत गाजत निघाल्या, हर्षाली मध्ये, आणि विहिरीपर्यंत नाचत गेल्या. केसरी त्यांच्या मागून चालत गेला, बरंच अंतर ठेवून. परत येताना कळशी तिच्या डोक्यावर होती. मांडवाच्या तोंडाशी तिचं पाऊल आखूड झालं. ती पडली नाही, विनिता, हे नीट वाच. तिनं कळशी खाली ठेवली, हात वर केला आणि जिभेवर बोट ठेवलं.

आई तेव्हा धवल्याच्या ऐन मध्यावर होती. तुझ्या खांद्यावर हळद चढत होती. मी तिच्या ओठांकडे बघत होते. एका शब्दाचा अर्धा भाग बाहेर आला आणि उरलेला आलाच नाही. मला ऐकू येत नाही, तरी तो धवला थांबल्याचं त्या मांडवात सगळ्यांत आधी मला कळलं. बायकांच्या माना नंतर वळल्या.

आई उठली. काठी पाटाशीच राहिली. त्या अंगठा नसलेल्या पायानं ती सगळा मांडव ओलांडून गेली. पदराच्या गाठीत तिनं ग्लुकोज बांधून ठेवलं होतं, कधीपासून ते तिलाच ठाऊक. हळदीच्या हातानं तिनं ते पोरीच्या तोंडात घातलं आणि तिला मांडीशी घेऊन जमिनीवर बसली. कुणीतरी पुढे होऊन काही म्हणायला लागली, तर आईनं नुसता हात वर केला. बाकी कुणी हललं नाही. सगळी माणसं, मांडव, तुझी हळद आणि दारातली कळशी, सगळं त्या एका पोरीसाठी थांबलं होतं. वहिनीनं पुन्हा बोट टोचलं. हर्षालीच्या तोंडावर रंग आला. ओठ चिकट झाले होते, ते तिनं आजीच्या पदराला पुसले. मग ती उठली आणि कळशी तिनं स्वतःच उचलली. केसरी पुढे झाला होता, त्याला तिनं मानेनं नको म्हटलं.

आई पाटावर परत आली. तिनं तो शब्द जिथं तोडला होता तिथूनच घेतला. उरलेला अर्धा आधी गायली आणि पुढे गेली.

मी चार दिवस जास्त राहिले. हर्षाली आता शाळेतून चालत येते, वहिनी बरोबर असते. केसरीनं गोदामाची किल्ली खिळ्यावर परत अडकवली आहे. बूट दाराशी असतात, आई ते धुवू देत नाही. तपासणीला तू बरोबर जा, तुझ्याशिवाय तिथलं खरं कुणी लिहिणार नाही.

आता एक काम. मी निघाले त्या सकाळी आईनं माझा हात धरला आणि ओठ सावकाश हलवून विचारलं, की विनिता आणि जावई बरे आहेत ना. आदल्या दिवशीही विचारलं होतं. वहिनी कळवते की अजून रोज विचारते. धवला तिनं तुझ्या हळदीत तोडला आहे, हे ती विसरलेली नाही. तर तुमचं दोघांचं कसं चाललं आहे ते आईला सविस्तर लिही. या वेळी एकच कागद कर, आणि हर्षालीला वाचायला सांग.

इकडचा जीव तिकडे लागून आहे, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी ताई,
निशा